पाटी

नूरुलने शिडीवरून विचारलं, नाव सांग.
म्हटलं, मोकळ. हिराजी मोकळ.
वडखळजवळचा, पण तेवढं लिहू नकोस.
त्याने ब्रश पत्र्याला टेकवला, आणि थांबला.
हे शेवटचं अक्षर, तो म्हणाला, अरबीत नाही.
चितगावच्या त्याच्या जिभेवरही ते बसेना.

मग तो खाली उतरला. आम्ही चहा प्यालो.
खसबच्या बंदरात ओहोटी होती,
आणि गवताची काडी नसलेले डोंगर
पाण्यात पाय सोडून बसले होते.

दम्माममध्ये अकरा वर्षं हे अक्षर लागलंच नाही.
तिथे मी चव्वेचाळीस-सतरा होतो,
टोपीवर, ताटावर, खाटेच्या लोखंडी पायावर.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
मी कॉम्प्रेसरच्या पोटात.
एक उघडायचा, जोडायचा, तोवर दुसरा हजर.
ते यंत्र कुठे जातं, कुणाला गार करतं,
कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू.
महिन्याला पैसे जायचे
आणि गावाकडून आलेल्या फोटोत
घराला एकेक खोली फुटायची.
त्या घरात मी आजवर एकशे चाळीस रात्री झोपलोय.
मोजल्यात.

मग शारजा. वस्तीचं नाव सजा,
नावावर जाऊ नका, तिथेच जरा बरं वाटलं.
वर्गीसच्या गॅरेजात ट्रकबरोबर माणूसही यायचा.
बॉनेट उघडलं की ड्रायव्हर मागे उभा राहायचा,
ऑपरेशनच्या दाराबाहेर नातेवाईक राहतात तसा,
आणि माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघायचा.

खसबला आलो ते एका दिवसासाठी,
वर्गीसचं जुनं इंजिन पोचवायला.
धक्क्यावर सुलेमान शेहीची होडी बंद पडलेली.
चार जण चार सल्ले देत होते.
मी इंजिन खोललं.
पाणी फिरायच्या वाटेत मीठ साचलेलं,
पांढरं, खडेदार,
आमच्या आगरातल्यासारखंच.

बा बोट बुडवून पाणी चाखायचा
आणि सांगायचा, अजून दोन दिवस.
त्याच्या टाचांच्या भेगांत मीठ असायचं, भाकरीत कमी.
आगरातून पळण्यासाठी मी धरमतरच्या लाँचवर
पाना धरायला शिकलो.
निघालो तेव्हा तो एवढंच बोलला,
जा. पन मीठ कुनाला सोरत नाय.
मला तो शाप वाटला होता.

गोड्या पाण्याने धूत धूत संध्याकाळ झाली.
इंजिन खोकलं, मग बोललं.
सुलेमानने पैसे पुढे केले, मी घेतले,
आणि तो म्हणाला, इथे तीनशे होड्या आहेत,
आणि बिघडल्या की दुबईकडे बघत बसतो आम्ही.

त्याला तीन वर्षं झाली.
कागद त्याच्या नावाने, हत्यारं माझी,
भाडं अर्धं अर्धं. दोनदा भांडलो.
एका उन्हाळ्यात सहा आठवडे कोणी फिरकलं नाही,
तेव्हा दम्मामचा तो ठरलेला पगार
मला रात्री स्वप्नात दिसायचा, खोटं कशाला बोलू.

नूरुल पुन्हा शिडीवर चढला.
नाइलाजाने साध्या ल वर भागवलं.
सुलेमान येऊन खाली उभा राहिला, मान वर करून,
आणि त्याने भलतंच वाचलं: मुवक्कल.
म्हणजे, तो म्हणाला, ज्याच्यावर काही सोपवलंय तो.
कोणी ठेवलं हे नाव?
मी म्हटलं, आमच्यात याचा अर्थ वेगळा होतो.
काय होतो?
मला अरबी शब्द सापडला नाही. हात उघडून दाखवले.
ग्रीसने काळे होते.
त्याने मान हलवली. काय समजला कोण जाणे.

रात्री शटर ओढल्यावर
पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही,
ग्रीसच्या बोटाने ळ काढला.
होडीच्या पंख्यासारखा दिसतो तो, दोन पात्यांचा.
आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

सकाळी सहाला जासिमची होडी.
पाण्याचा पंप.
वॉशर अजून यायचाय.