पंचवीस लिटर

मेबलआंटी तिसऱ्यांदा वर आल्या, हातात फोन,
फोनमध्ये त्यांच्या छताचा फोटो:
पोपडे धरलेला, चहाच्या रंगाचा डाग.
"परवा एवढा होता," बोटांनी दाखवलं,
"आज बघ."
त्या भांडत नव्हत्या, हेच अवघड होतं.

गिझरखाली बादली ठेवून
अकरा दिवस झाले.
रात्री टप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्प.
थेंबापेक्षा मधली शांतता जास्त जागं ठेवते.

टेफ्लॉन टेप झाली, वॉशर बदलून झाला, एम-सील थापून झालं.
पाण्याला वाटा सुचत होत्या, मला नाही.

बाबांना ऐकू येत नाही.
परळच्या इस्पितळात, धुलाईघराच्या बॉयलरवर एकतीस वर्षं;
वाफेनं कान नेले, पेन्शनच्या कागदात त्याची नोंद नाही.
आज ते स्टूल ओढून चढले (मी ओरडले, कुणासाठी?)
आणि गिझरच्या पोटाला तळहात टेकवला,
तापानं फणफणलेल्या पोराला लावावा तसा.
"जोड नाही," म्हणाले. "आतून गेलाय."

संध्याकाळी प्रफुल्ल बेहेरा आला, केंद्रापाड्याचा,
वाकोल्यातले अर्धे नळ त्याच्या ओळखीचे.
मेन बंद, स्विच बंद, चार नट,
आणि तळातून एक काडी काढून माझ्या हातावर ठेवली.
"मॅग्नेशियमचा रॉड. नवा असतो तेव्हा अंगठ्याएवढा."
आता तार. खरखरीत, मध्येच तुटलेली.
"टाकीच्या आधी हा झिजतो, ताई. त्याचं कामच ते.
हा संपला की पाणी टाकीला धरतं.
दोन वर्षांनी बदलायचा. कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. वॉरंटीच्या मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

बाबांनी रॉड घेतला, खिडकीपाशी नेला,
उजेडात फिरवून फिरवून पाहिला.
वाटलं, आता काहीतरी बोलतील.
त्यांनी नख लावून बघितलं
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

जुनी टाकी भंगारात, तीनशे रुपये.
नवा गिझर शनिवारी.
मेबलआंटींच्या छताचा रंग आमच्याकडून;
पांढरा नको म्हणाल्या, बदामी.

तोवर गॅसवर मोठं पातेलं.
पहाटे साडेपाचला बाबा त्यात कोपर बुडवतात,
डोळे मिटून थांबतात,
आणि कुणी खाली कोळसा घेऊन उभं असावं
अशा मोठ्या आवाजात सांगतात,
"अजून थोडा जाळ."