सहा

बाहेर उणे अकरा, एमायोगी नदीवर बर्फाची साय.
तार्तूच्या या तळघरात मात्र उकडतंय,
सर्व्हरच्या पाठीवर कुणीतरी हातमोजे वाळत घातलेत.

रेलिका पीहेलने दुपारी आकडा वाढवला : चौसष्ट.
हात जास्त तर काम जास्त, एवढाच हिशोब.
जंगलखात्याची दप्तरं, चार लाख पानं,
तिरप्या अक्षरात झाडं, झाडांचे घेर, तोडणाऱ्यांच्या सह्या;
यंत्राने ती वाचायची,
सोमवारच्या आत शोधता येतील अशी करायची.

मिनिटाला बावीस पानं.
काल सोळावर एक्केचाळीस होती.

प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के गुंतलेला. पण कशात?
ती नोंदी उलगडत जाते, ओळीमागून ओळ :
थांबलो. थांबलो. उठलो. तुझी पाळी? थांबलो.
डिस्क एक, जुनी, करकरणारी.
एक ना धड, भाराभर चिंध्या.

रात्रपाळीचा काल्यू थर्मास घेऊन खाली येतो.
"धागे? म्हणजे माझी आई विणायची तसले?"
"नाही," ती म्हणते. "त्यातून काही विणलं जात नाही.
चौसष्ट कारकून समजा, आणि कपाटाची किल्ली एक."
काल्यू झाकणात चहा ओततो.
"आमच्या गिरणीत करवत एक होती, पोरं बारा.
अकरा जण टोप्या सावरत उभे,
वर बाराव्याला सल्ले."
"मग मुकादम काय करायचा?"
"चहाला पाठवायचा."

बत्तीस. एकोणतीस पानं.
आठ. सत्त्याण्णव.
पाच. एकशे चार.
सहा : एकशे अठरा.
पुन्हा पाच करून बघते, विश्वास बसत नाही म्हणून.
पुन्हा सहा.
अठ्ठावन्न जण चहाला गेले.

पंख्याचा आवाज उतरतो,
तावातावाने भांडणारा माणूस
अचानक पान वाढून घेऊन जेवायला बसावा तसा.
मग कळतं, इतका वेळ आपण दोघंही ओरडून बोलत होतो.

पहाटेपर्यंत बसायची गरज नाही आता.
घरी जायला हरकत नाही.
तरी ती अडलेल्या पानांची यादी उघडते,
जिथे यंत्राने हात टेकून नुसती प्रश्नचिन्हं ठेवलीत.
पहिलंच पान : शाई ओघळलेली, कोपरा उंदरांनी नेलेला.
काल्यू चष्मा कपाळावरून खाली ओढतो,
पडद्याला नाक लावतो,
एकेक अक्षर ओठात धरून बघतो.

रेलिका घाई करत नाही.
मागे सहा जण आपापल्या कामात.

"भूर्ज," तो म्हणतो. "एक.
वाकडं."
आणि बऱ्याच वेळाने,
"तोडलं नाही."

ती एका बोटाने टंकते.