शेड कार्ड

वडशाच्या दुकानातून आणलेल्या कार्डावर
आठ चौकोन. अक्रोड, महोगनी, मध,
आणि एक नुसताच 'क्लासिक'.
बाडीत, विहिरीच्या अंगाला,
बिसन मेस्त्रीनं ठोकलेला फळ्यांचा ओटा
अजून उघडाच, रंध्याखालून निघाला तसा.

छत्तीस वर्षं आगारात मी ओंडक्यांना नंबर घातले,
घेर, लांबी, हातोडीचा शिक्का.
एका फळीच्या टोकाला अर्धा शिक्का अजून आहे,
माझाच असेल.
सागाला अक्रोड कर, असं तेव्हा
कोणी साहेबही म्हणाला नव्हता.

मंदा म्हणते, "धूळ दिसू नये असा घ्या."
मुलगा फोनवर, "बाबा, डार्क."
मेस्त्री बिडी विझवत,
"जवसाचं तेल पाजा, बाकी उन्हावर सोडा."

तिघांचं ऐकून तीन फळ्यांवर
तीन पट्टे ओढले, चिंधीनं पुसले.
अक्रोड सकाळी काळा,
दुपारी तांबूस, दिवेलागणीला
कार्डात नसलेलाच काहीतरी.

पाचव्या दिवशी मंदानं
उरलेल्या फळ्यांवर मोहफुलं पसरली.
"कोरी जागा वाया कायले घालता?"

फुलं उचलली तेव्हा खाली
गोल गोल डाग, गुळाच्या पाकासारखे,
आणि त्यांच्यावरून मुंग्यांची रांग.

घासून काढायला पॉलिश पेपर घेतला.
तो हातातच राहिला.

उद्या दुकानात जायचं आहे.
हा चौकोन कार्डावर नाही.
काय नावानं मागू?