पुठ्ठ्याचं माप

दस्तगीरच्या दुकानात भिंतीवर तीन काचा टांगल्यात.
काच म्हणायचं; आहे प्लॅस्टिकच.
पहिली तळहाताएवढी, धुरकट,
कॉलेजची पोरं घेतात, वाऱ्यासाठी नव्हे.
दुसरी मधली, तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.
तिसरी गवळ्यांची. उंच, रुंद.
तिच्यामागं बसलं की माणूस
खिडकीआडचा कॅशियर दिसतो,
आणि तेवढी तर मी रोज दहा ते पाच असतेच.

गाडी एकशे दहाची. वय माझं त्रेचाळीस.
शिकून अडीच महिने झालेत.
भावजी म्हणाले, स्कूटर घ्या, बायकांना बरी.
पण गिअर पडताना पायाखाली जो टक् होतो,
तो मला हवा होता.

निपाणी ते संकेश्वर.
वखारींच्या गल्लीत तंबाखूच्या चार शिंका,
मग तवंदीचा चढ,
आणि चढ संपला की उघड्या माळावर वारा
छातीवर पंजा ठेवून म्हणतो, जा माघारी.
त्यात शेजारून कंटेनर गेला
की गाडी वीतभर सरकते
आणि मी ओरडते, हेल्मेटात,
माझ्यापुरतंच.

"उंच घ्या म्यॅडम," दस्तगीर म्हणाला, "छाती झाकतंय बघा."
बाकावर चहा पीत बसलेला शिवपुत्र म्हणाला,
"ब्याड, ब्याड. गाळी भाळ ऐति.
शीड हुईल की गाडीचं."
भाळ म्हणजे पुष्कळ. पाळण्यात असल्यापासून ठाऊक.
तरी माझा हात दरवेळी आधी कपाळाला जातो.

दोघंही खरं सांगत होते, तीच अडचण.
काच चौदाशेची,
एकदा बसवली की परत घेणार नाही, असं पाटीवर
दोन्ही भाषांत लिहिलेलं.

रविवारी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
सुतळी आणि चिकटपट्टीनं दिव्यावर बांधला.
सहा वाजता सर्व्हिस रोडला कुत्री आणि मी.
पहिल्या फेरीत डोळ्यांसमोर नुसता पुठ्ठा,
त्यावर छापलेलं, दोन वर्षांची वॉरंटी.
थांबले. कात्रीनं दोन बोटं उतरवली.
रस्ता दिसला, पण हेल्मेटात
कुणी डब्यात खडे घालून हलवतंय.
आणखी दोन बोटं.
आणि एकदम
काही नाही.

वारा डोक्यावरून निघून गेला होता,
चेन थोडी ढिली वाजत होती,
आणि कुणीतरी पुटपुटत होतं,
सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.
मीच.
गाडी चालवताना मी नोटा मोजते
हे अडीच महिने मला वाऱ्यानं ऐकू दिलं नव्हतं.

इथं थांबायला हवं होतं. नाही थांबले.
म्हटलं, अजून एक बोट काढून बघू,
आणि वारा थेट गळ्याशी आला.
मग सहाव्या खांबापाशी वाकून
ती पट्टी शोधली, गवतात, दवानं भिजलेली,
पुसली, परत चिकटवली.
एक शाळकरी पोरगा सायकल थांबवून बघत राहिला.

दुकानात पुठ्ठा काउंटरवर ठेवला.
"ह्यो वरचा जोड कसला?"
"तेवढं चुकलं होतं."
दस्तगीरनं तिन्ही काचांवर तो लावून बघितला.
मधली अंगठाभर कमी. गवळ्यांची चार बोटं जास्त.
मग काही न बोलता गवळ्यांची उतरवली,
पुठ्ठ्याच्या कडेनं पेन्सिल ओढली,
हॅक्सॉ घेतला.
पैसे पुरे लावले. कड घासून दिली, तिचे नाही.
उरलेली पट्टी शिवपुत्रनं उचलली,
डोळ्यांपुढं धरून रस्त्याकडं बघितलं,
आणि खिशात घालून गेला. कशाला, कोण जाणे.

सोमवारी माळावर वारा तसाच होता.
साखर कारखान्याचा मळीचा वास
काचेला वळसा घालून आला, वेळेवर.
आणि संकेश्वरच्या अलीकडं
टप्पकन् एक नाकतोडा आपटला,
काचेच्या अगदी वरच्या कडेला,
बरोबर नाकासमोर.