मिठाचा खडा

जुबैल. रात्रीचे अडीच. खिडकीबाहेर
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याचे दिवे,
आत मी, रोडेल,
आणि बर्फात बसवलेला बीकर.

मॅग्नेटाइटची काळी पूड स्टायरीनमध्ये कालवली,
पाण्यात सोडलं मधासारखं दाट द्रव.
हेही मीठच,
फक्त खडा व्हायला तयार नाही.
डोकं पाण्यात, शेपूट तेलात,
दोन्ही घरचा पाहुणा, आणि उपाशी नाही.

तिकडे पाच वाजलेले. आईचा फोन:
एवढ्या रात्री करतेस तरी काय?
दूध करते म्हटलं. लोखंडाचं.
मीठ घालते, म्हणजे फुटत नाही.
ती थांबली जरा.
मग म्हणाली, झोप आता.

आधीचे नऊ फुटलेच होते.
साबण बदलून पाहिले, ढवळायचा वेग,
तळाशी दर वेळी तोच डांबरी गोळा.
रोडेलने एकेक कागदात बांधून ठेवलाय, तारीख घालून.
नापासांचीही हजेरी लागते, म्हणतो.

सत्तर अंश. नायट्रोजनचे बुडबुडे.
भोंगा झाला, पाळी बदलली,
कुपीत तपकिरी दूध. गाठ नाही.

फ्रिजवरचा नाण्याएवढा चुंबक त्याने काढून आणला,
काचेला टेकवला.
सगळं हळूहळू एका भिंतीला गेलं,
पाणी निवळशंख.
चुंबक दूर, कुपी हलवली:
पुन्हा दूध,
कुणी ओढलंच नव्हतं जसं.

परत लाव, म्हणाला. लावला.
तिसऱ्यांदाही.

मग तो चुंबक घेऊन गेला फ्रिजकडे,
खाली पडलेलं मुलीचं चित्र उचललं,
फुंकर मारली,
आणि होतं तिथं लावलं.