नोंदवही

सोमवार. नऊ चाळीस. नाउएल रोसाल्बाला चावला.
मंगळवार. नऊ बेचाळीस. ठोकळा भिरकावला,
माझ्या चष्म्याची काडी गेली.
बुधवारी टेबलाखाली, बुटांसकट,
आणि बाकीची सतरा मुलं
नाटक बघितल्यासारखी गप्प.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, आईला बोलवा.
आई पहाटेपासून खेकड्यांच्या कारखान्यात;
येते तेव्हा हातांना खारा वास
आणि माफी आधीच ओठांवर.
मला तिची माफी नको होती.

रात्री वही मागून पुढे चाळली.
नऊ चाळीसला असतं तरी काय?
घंटा. आवरा रे, म्हणते मीच,
गाण्याच्या चालीवर, हसत हसत.
अठरा जणं आपापलं जग मोडून
खोक्यात भरतात.
त्याचं जहाज मोडायला तर मी मदतही करायचे.

गुरुवारी गुडघ्यांवर बसले, दोन्ही कुरकुरले.
म्हटलं, अजून पाच मिनिटं आहेत हं.
जहाज कुठे नांगरायचं?
तो बराच वेळ माझ्या कानातल्याकडे बघत राहिला.
मग बोट केलं: खिडकी.
बाहेर पुंता आरेनासचा वारा
छपराचे पत्रे उचकटत होता.

जहाज आता तिथेच उभं असतं.
शेजारी माझ्या अक्षरात चिठ्ठी:
हात लावू नये. कप्तान जेवायला गेलाय.
चिठ्ठी त्याला वाचता येत नाही,
पण रोज मला मोठ्याने वाचायला लावतो.

शुक्रवारी पुन्हा चावला.
वेळ अकरा दहा.
मी पेन्सिलीला टोक काढलं,
नवी ओळ आखली.