शिफारसपत्र

छापील अर्जात जागा फक्त चार ओळींची.
"असाधारण सेवा कोणती, ते थोडक्यात लिहावे."
म्हणून मी गेलो वही घेऊन
बोडोच्या बंदरामागे, तिच्या खोलीवर.
डिसेंबर. दुपारचे तीन, आणि बाहेर रात्र.

ओलाउग हाउक्नेस, सिस्टर, कोरियात पंधरा महिने.
मासे खारवत बसली होती. उठून हात धुतले कोपरापर्यंत,
एकेक बोट, एकेक पेर,
जणू मला आत्ता टेबलावर घ्यायचं आहे.

"काय केलंत तिथे?"
"नखं कापली," ती म्हणाली.
"तंबूत साठ खाटा. ज्यांचे हात उरले होते
त्यांची नखं वाढत होतीच की.
नखं काय युद्धाला विचारून वाढतात?"

मी लिहिलं नाही.
तोफांचं विचारलं, हिमवादळाचं विचारलं,
त्या रक्ताच्या बाटलीचं विचारलं
जी तिने म्हणे रात्रभर काखेत धरून उबवली.
"गार रक्त कसं देणार कुणाला," इतकंच.
मग थोड्या वेळाने, सुरी पुसता पुसता:
"बोक-सुनचं नाव घाला.
नदीचा बर्फ फोडून पट्ट्या धुवायची.
उकळायची, वाळवायची, गुंडाळायची, पुन्हा तेच.
तिची बोटं फुटली तेव्हा बांधायला
तिनेच धुतलेली पट्टी होती."

अर्जात दुसऱ्या नावाला जागा नव्हती.
तसं सांगितलं. ती माशांकडे वळली.

कचेरीत येऊन टाइप केलं:
धैर्य, निष्ठा, कर्तव्यतत्परता.
तिन्ही शब्द कपाटातले, इस्त्रीचे,
कुणाच्याही मापाला बसणारे.

मे महिन्यात समारंभ. बँड. कर्नलसाहेबांचे पांढरे हातमोजे.
तिच्या लोकरीच्या जाड कोटात पिन शिरेना.
दोनदा घसरली. साहेब लाल झाले.
तेव्हा तिनेच पदक घेतलं त्यांच्या हातून,
डाव्या हाताची दोन बोटं कोटाच्या आत सरकवली,
कापड आणि अंग यांच्यामध्ये,
आणि पिन लावली;
टोचलीच तर आधी बोटांना टोचेल, अशी.
सवयच ती. अंग कुणाचं आहे
हे त्या बोटांनी पाहिलंसुद्धा नसावं.

टाळ्या झाल्या. मी वाजवायच्या विसरलो.

कार्बन प्रत अजून माझ्या फायलीत आहे.
समासात पेन्सिलीने एक नाव लिहिलंय,
अक्षरांची खात्री नाही.
खोडायला अजून कुणी सांगितलेलं नाही.